पेपर निघाला

पडेगावच्या माझ्या घरातली मागची खोली मी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींना भाड्यानं देते. मावशी म्हणावं तशा त्या मला खाला म्हणतात. मी चौथी पास. त्यांचा अभ्यास मला कळत नाही, पण आता तिथं राहणारी धनगराची पोर काय करते ते कळलं होतं. पावसाळ्यात मेंढ्यांचे खूर सडतात. तिचा बाप त्यावर एका झाडाचा पाला वाटून लावायचा. कधी गुण यायचा, कधी मेंढी मरायची. त्या पाल्यातलं नेमकं काय लागू पडतं ते शोधून पक्कं औषध काढायचं, म्हणून ती पीएचडीला लागली होती.

मग एक दिवस म्हणाली, विषय बदलला.

"का गं?"

"खाला, तपासायचं मशीन बंद पडलंय. दुरुस्तीला मंजुरी येईना. सर म्हणाले, मेंढीच्या खुरात अडकलीस तर तिथंच म्हातारी होशील. त्यांना बढतीसाठी पेपर पाहिजेत."

"मग आता काय करणार?"

"दुसऱ्यांनी छापलेली माहिती घ्यायची, कॉम्प्युटरवर फिरवायची, परत छापायची."

"शिळ्या भाताला फोडणी."

"व्हय. पण इंग्रजीत." ती हसली. मी हसले नाही.

सर वाईट नव्हते. बढती देणारे पेपर मोजतात, बऱ्या झालेल्या मेंढ्या कोणी मोजत नाही. मग माणूस पेपरच काढणार.

पुढच्या पावसाळ्यात तिनं बापाला फोनवर सांगितलं, "आबा, माझा पेपर निघाला." दुसऱ्या दिवशी बाप एसटीनं हजर. ती विद्यापीठात गेली होती. येताना त्यानं मिळतील तेवढी वर्तमानपत्रं विकत घेतली होती. ती माझ्यापुढं टाकून म्हणाला, "वाचा बाई, कोणच्या पानावर हाय औषध? लई मेंढरं लंगडायलीत."

"तुमच्या पोरीचा पेपर यात येत नाही. तो शिकलेल्यांनी शिकलेल्यांसाठी काढलेला असतो. त्यात मेंढी नाही."

"मंग काय हाय?"

"तिची डिग्री."

त्याला ते पटलं नाही. ती आल्यावर त्यानं तिलाच विचारलं, "माय, औषध निघालं का नाय?"

"नाय, आबा."

"मंग कोण काढणार?"

मग बाप माझ्याकडं वळला. "लंगडं मेंढरू खाटीक घेतो का हो?"

हर्सूलला माझ्या भावाचं मटणाचं दुकान आहे. मी फोन लावला. भाऊ म्हणाला, घेतो, पण चालती आहेत तोवर आणा.