दूधवाल्याचं चाक

कमिटीकाका तीन कोटेशनं घेतल्याशिवाय वांगीसुद्धा विकत घेत नसत. तीन गाड्यांवर भाव विचारून पहिल्या गाडीशी परत येईपर्यंत ती वांगी दुसऱ्याच कुणाच्या पिशवीत गेलेली असायची. दिल्लीतल्या एका मंत्रालयात ते अवर सचिव होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवा असिस्टंट. दोघंही मराठी, त्यामुळे ऑफिसात 'साहेब' आणि घरी 'काका'. 'कमिटीकाका' हे अर्थात पाठीमागे.

बाजार खुला झाला, जो तो नवीन काहीतरी घेत होता. काकांनी सरकारी क्वार्टर सोडून गाझियाबादला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि त्याच्या बाल्कनीत बसून वजन वाढवलं. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, "रोज अर्धा तास सायकल चालवा, नाहीतर हृदय दगा देईल." काकांनी चकचकीत गिअरची सायकल आणली. चौथ्याच दिवशी मागच्या चाकाचे पाच स्पोक तुटले, रिम पापडासारखी वाकली आणि काका अख्ख्या सोसायटीदेखत ती ढकलत घरी आले.

मी त्यांना करोल बागेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं. "वज़न कितना है, साहब?" त्याने विचारलं.

"सदुसष्ट किलो," काका शांतपणे म्हणाले, आणि माझ्याकडे वळून हळूच, "सर्विस बुकात तेच आहे." नोकरीला लागताना नोंदलेलं ते वजन. नंतर दुरुस्तीचा अर्ज कुणी केला नव्हता.

मिस्त्रीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सौ से ऊपर हो, साहब. गियर-वियर छोड़ो, दूधवाले का चक्का लगवा लो. चालीस तार, मोटा गेज, लोहे का रिम, चौड़ा टायर. चार कैन लेके गड्ढे में कूदता है, कुछ नहीं होता."

काकांचा चेहरा पडला. देशात परदेशी गाड्या येत असताना भारत सरकारच्या अवर सचिवाने दूधवाल्याच्या चाकांवर फिरायचं? "हे सिंगल कोटेशन झालं," ते बाहेर येऊन म्हणाले. "नियमात बसत नाही. कमिटी नेमू."

कमिटीत काका अध्यक्ष, मी सचिव. तिसरं कुणी नव्हतं, तरी गणपूर्ती झाली का ते काका दर वेळी तपासत. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या घरी बैठक व्हायची. मी स्पोक, रिम, टायर यांचा तुलनात्मक तक्ता टाइप करून न्यायचो आणि काकू बटाटेवडे तळायच्या. एकदा धाडस करून आम्ही काटा आणला आणि खरं वजन नोंदवलं: एकशे आठ. त्या वजनाला टिकतील अशी चाकं कागदावर ठरेपर्यंत काका एकशे बारावर गेले आणि प्रस्ताव आपोआप रद्द झाला. "बघ, घाई केली असती तर?" काका विजयी मुद्रेने म्हणाले आणि त्यांनी आणखी एक वडा घेतला.

मला सगळं दिसत होतं. पण वडे उत्तम होते, माझा गोपनीय अहवाल काकांच्या हातात होता आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. सोमवारी ऑफिसात मी बैठकीची नक्कल करायचो आणि लोक पोट धरून हसायचे. आई आजारी पडली तेव्हा याच माणसाने एकही शेरा न मारता माझी रजा मंजूर केली होती आणि मला स्वतः स्टेशनवर सोडलं होतं. तरीही मी नक्कल करायचो.

अकराव्या बैठकीच्या आधीच, जानेवारीतल्या एका सकाळी दाढी करता करता काका गेले. सायकलने ते वाचलेच असते असं नाही. पण डॉक्टरांनी सांगितल्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्यातले चारच दिवस ते सायकलवर बसले होते.

पंधरा दिवसांनी मी भेटायला गेलो तेव्हा काकूंच्या मांडीवर आमच्या कमिटीची फाइल होती. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात मिस्त्रीचं म्हणणं होतं.

"हे तुला तेव्हाच पटलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ठासून बोलला का नाहीस रे? निदान मला तरी सांगायचंस. मी आणलं असतं ते चाक."

"साहेब होते ना, काकू," एवढंच मी म्हणालो.

काकूंनी फाइल मिटून माझ्या हातात दिली. "साहेब काय," त्या म्हणाल्या, "तुला दुसरे मिळतील."