दोन मिनिटं बाहेर

मी एकदा एका आइस हॉकी संघाचा सगळा इतिहास धुऊन टाकला. गरम पाण्यात, वर दोन झाकणं जंतुनाशक घालून. धुतला, पिळला आणि दोरीवर ताणून वाळतही घातला. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची होते, म्हणजे तशी अल्लडच. आता बहात्तरीत जरा पोच आलाय, म्हणून सांगते.

हा इतिहास जिच्या गळ्यात असायचा, ती माझ्या मुलाची शेजारीण. मुलगा नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला इंजिनिअर आहे आणि तिथून सायकलच्या अंतरावरच्या एका लहान गावात राहतो. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल, जिच्या नुसत्या हातावर सगळी गल्ली चालते. पोस्टमनने पार्सल दारात आपटलं, की हिचा उजवा हात सरळ वर. मांजराने वाफा उकरला, हात वर. माझ्या मुलाची सायकल तिच्या फाटकाला टेकली, हात वर आणि खणखणीत आवाज, "ट्वे मिन्यूटन!" म्हणजे दोन मिनिटं.

आइस हॉकीत तसंच असतं म्हणे. खेळाडूने आगळीक केली की पंच हात वर करतो. मग त्याने जायचं आणि एका काचेच्या खोक्यात दोन मिनिटं गप्प बसायचं. तेवढा वेळ त्याचा संघ एक गडी कमी घेऊन खेळतो. वेळ संपली की दार उघडतं, हा पुन्हा बर्फावर. झालं गेलं संपलं. गावात एक व्यावसायिक संघ होता आणि त्याचा घरच्या मैदानावरचा एकही सामना या बाईने तरुणपणापासून चुकवलेला नव्हता.

माझी नात ईरा तेव्हा आठ वर्षांची. ती या बाईला 'ओमा' म्हणायची. मला वाटलं नाव असेल. मग सुनेने सांगितलं, "अहो आई, ओमा म्हणजे डचमध्ये आजी."

त्या दिवशी मी पोळ्या जरा जास्तच जोरात लाटल्या.

मी तीन महिन्यांसाठी पुण्याहून आले होते आणि साथीमुळे विमानं बंद पडून अडकले. खरं सांगू? मनातून मला आनंदच झाला. शाळा बंद, मुलगा वरच्या खोलीत लॅपटॉपपुढे, सून खालच्या खोलीत लॅपटॉपपुढे, म्हणजे नात आयतीच माझ्या पदरात. मी गोष्टींचा साठा काढून बसले. ईराला मराठी कळायचं सगळं, पण उत्तर मात्र डचमध्ये. मी म्हणत होते, हरकत नाही, महिन्याभरात पोरगी घडाघडा बोलायला लागते की नाही बघा.

पण शेजारी ओमाचंही दुकान बंद पडलं होतं. ऐन शेवटच्या फेऱ्या आल्या आणि सगळे सामने रद्द झाले. "या वर्षी आम्हीच जिंकणार होतो," असं ती कुंपणापलीकडून मला इंग्रजीत सांगायची, जणू साथ मीच आणली होती. मग एका शुक्रवारी सामन्याच्या वेळेला ती घडीची खुर्ची घेऊन मागच्या बागेत आली. गळ्यात संघाचा लाल-पांढरा लोकरीचा मफलर, मांडीवर गुरांच्या गळ्यात बांधतात तसली घंटा, बाजूला थर्मासमध्ये वाटाण्याचं घट्ट सूप. कमरेएवढ्या झुडपांच्या कुंपणाला दीड मीटर सोडून खुर्ची मांडली आणि रिकाम्या हिरवळीकडे बघत बसली. ईरा बिअरच्या उलट्या क्रेटवर बसून विचारायला लागली, काय बघतेस? ओमा म्हणाली, जुना सामना.

झालं. त्या दिवसापासून दर शुक्रवारी आणि रविवारी संघाचा इतिहास सुरू झाला, अगदी पहिल्या हंगामापासून.

मी खिडकीत मेथी निवडत असायचे. ऐकत नव्हते हां, निवडत होते. आता डच मला येत नाही, पण ओमाचे हात आणि अधूनमधून इंग्रजी, एवढ्यावर भागायचं. गोल झाला की ती घंटा वाजवायची आणि कसा झाला ते एकदा डचमध्ये, पुन्हा इंग्रजीत सांगायची. माझ्या पोटात दुखायचं. म्हटलं, इंग्रजी येतं ते दाखवतेय मला.

पहिल्या वर्षांत मैदानाला छप्पर नव्हतं. बर्फ पडायला लागला की खेळ थांबवून प्रेक्षक झाडू घेऊन उतरायचे. गोलरक्षक खाटीक होता, पहाटे मांस तोडून संध्याकाळी गोल अडवायचा. मग छप्पर आलं, संघ पगारी झाला, आणि कॅनडाहून एक मुलगा आणला. त्याला ओमाच्या माळ्यावर ठेवलं होतं. तो सकाळी पावावर चॉकलेटचे दाणे पसरून अख्खा पाव संपवायचा आणि सामन्यात पुढचे दोन दात गेल्यावर फक्त एवढंच म्हणाला, की आता दाणे दातांत अडकणार नाहीत. संघाला जो पैसे देईल त्याचं नाव संघाला लागायचं. कधी शिवणयंत्रं, कधी सोफ्याचं दुकान, एक वर्ष तर सॉसेज. मी मेथी टाकून हसले. आमच्याकडे बायकांची नावं बदलतात, पण निदान एकदाच.

पुढे एक वर्ष असं आलं की पैसे देणारा पळाला आणि संघ बुडाला. कोर्टाचा माणूस येऊन मैदानाला कुलूप लावून गेला. इथे ओमा थांबली. सूप ओतलं. म्हणाली, पुढचं रविवारी.

शुक्रवार ते रविवार माझं कशात लक्ष लागेना. संघ वाचला की नाही? ईराला विचारायचं तर मान खाली जाणार. अशी गंमत बघा, मला नात हवी होती आणि मला ती गोष्टही हवी होती, आणि त्या दोघी माझ्या डोळ्यांदेखत एकमेकींच्या झाल्या होत्या. त्या वेळच्या मला तुम्ही पाहायला हवं होतं. पांढरे केस, गुडघ्याला पट्टा, आणि शाळेतल्या पोरीसारखी फुरंगटलेली.

शेवटी मी ठरवलं, आपलाही खेळ दाखवायचा. शाळेत असताना मी कबड्डीत होते. कप्तान होते असं मी ईराला सांगितलं, ते सोडून द्या. मी बागेत उतरले, हिरवळीवर पायाने मधली रेघ ओढली, ईराला म्हटलं, "आता बघ आजीची चढाई," आणि दम धरून निघाले. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." समोर गडी कोणी नव्हता. दोन मिनिटांपूर्वी सुनेने झाडांना पाणी घातलं होतं. मी अशी काही घसरले की थेट तिच्या टोमॅटोच्या वाफ्यात बैठक. मला फार लागलं नव्हतं, पण मी "आई गं" जरा लांबवलं. म्हटलं, पोरगी धावत येईल.

कुंपणापलीकडे हात वर गेला. "ट्वे मिन्यूटन! खोटं पडणं!"

खोटं पडण्यालाही शिक्षा असते म्हणे. ईरा हसून हसून क्रेटवरून खाली आली.

मफलरची गोष्ट ओमाने शेवटी ठेवली होती. संघ वाचला होता, लोकांनी मैदानाबाहेर सूप विकून वाचवला होता. आणि त्यानंतर काही वर्षांनी संघ विजेता झाला. शेवटचा गोल पडला तेव्हा ओमाच्या नवऱ्याने हातातली बिअर तिच्या अंगावर सांडली आणि मफलरमध्ये तोंड खुपसून रडला. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. तेव्हापासून मफलर धुतलेला नव्हता. त्यात ती बिअर होती, मोहरीची चटणी होती आणि नवऱ्याच्या सिगारचा वास होता. ओमा बोलता बोलता त्याचं टोक नाकाशी न्यायची, आपण तपकीर ओढतो तसं.

ईराचा वाढदिवस आला. मैत्रिणींना बोलवायला बंदी. पोरगी हिरमुसलेली. संध्याकाळी ओमाने गळ्यातला मफलर काढला आणि काठीच्या टोकाला अडकवून कुंपणावरून ईराकडे दिला. उद्यापर्यंत तुझा, म्हणाली. मी तिच्यासाठी गुलाबजाम केले होते. त्यातला एक तिने खाल्ला, तोही मफलर गुंडाळूनच.

सकाळी ऑनलाइन वर्गाला बसण्याआधी ती माझ्यापाशी आली. मफलर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आजी, हा धुवायचा नाही." चार महिन्यांत माझ्याशी बोललेलं ते तिचं पहिलं पूर्ण मराठी वाक्य.

आणि मी तो धुतला.

कारण अगदी तयार होतं. त्या दिवसांत आम्ही लिंबंसुद्धा साबणाने धूत होतो. बाहेरून आलेली वस्तू, त्यात परक्या माणसाच्या गळ्यातली. माझी मी समजूत घातली आणि गरम पाण्याचा नळ सोडला. पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग लाल. लोकर आक्रसली. विजेता संघ अर्ध्या लांबीचा आणि गुलाबी होऊन दोरीवर लटकला.

ओमाने तो वरच्या खिडकीतून पाहिला. मी खालून तिच्याकडे बघत होते, हात कधी वर जातो त्याची वाट बघत. हात वर गेला नाही. तिने पडदा ओढला.

सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं. मुलगा म्हणाला, "असू दे गं आई, कोरोना आहे, तू काळजीनेच केलंस." तो स्वतः मफलर आणि चिवड्याचा डबा तिच्या दारात ठेवून माफी मागून आला. सून म्हणाली, "वूल तुमच्या लक्षात नसेल आलं." मी मान हलवत राहिले. ईरा काहीच बोलली नाही. डचमध्येही नाही. शुक्रवार आला, रविवार आला, खुर्ची भिंतीला घडी घालून उभी.

ती खुर्ची आता कुठे आहे देव जाणे. ओमा तिसऱ्या वर्षी गेली, झोपेत, हंगाम सुरू असताना. त्यानंतर मी पुन्हा तिकडे गेले तेव्हा ईराने मला एका सामन्याला नेलं आणि ओमाची नेहमीची जागा दाखवली. तिथे कोणी बसत नाही असं लिहायला मला आवडलं असतं. तिथे एक जाडा माणूस तळलेले बटाटे खात बसला होता. माझा उजवा हात आपोआप वर गेला. ईराने तो खाली ओढला. पण हे फार पुढचं.

तेव्हा माझं परतीचं विमान ठरलं. अडकलेल्यांना नेणारं, दोनच दिवसांवर. बॅग भरता भरता मी ईराला विचारलं, "जळणं म्हणजे डचमध्ये काय गं?"

"भाजलं तुला?"

"तसं नाही. आपलं माणूस दुसऱ्याचं झालं की पोटात दुखतं, तसलं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "यालूर्स," म्हणाली. मग तिच्या त्या डच-मराठी खिचडीत, "कोण?"

"मी."

"ओमावर?"

"ओमावर. आणि थोडी तुझ्यावर. तुम्ही दोघी गोष्टी करता, मला कोणी बोलवत नाही."

"पण तू ऐकतेस ना खिडकीत! ओमाला माहितीये. म्हणून ती गोल इंग्लिशमध्ये पण सांगते." आणि मग अगदी वैतागून, "मला कशाला लागतं इंग्लिश?"

मी हातातली साडी तशीच ठेवली आणि बागेत गेले. कुंपणाशी उभी राहून हाका मारल्या. खूप वेळाने ओमा बाहेर आली. गळ्यात तो गुलाबी तुकडा होता, गाठ बसेना म्हणून पुढे सेफ्टी पिन लावलेली. मी मास्क खाली केला आणि ईराने शिकवलेलं वाक्य म्हटलं, "इक बेन यालूर्स." मी जळते. मग इंग्रजीत, "कोरोना नाही. कोरोनासाठी नाही धुतला. मला ठाऊक होतं."

तिने ऐकून घेतलं. रडलीबिडली नाही, मीही नाही. तिचा उजवा हात हळूहळू वर गेला, पूर्ण वर, आणि डाव्या हाताने तिने ईराच्या क्रेटकडे बोट दाखवलं.

मी जाऊन बसले. गुडघे पार हनुवटीला लागले. ईरा दारात उभी, ओमा घड्याळात बघत. दोन मिनिटं फार मोठी असतात हो, एकदा बसून बघा. कॅनडाचा तो पोरगा, तो खाटीक, सगळे त्या खोक्यात बसून काय विचार करत असतील, ते मला तेव्हा कळलं. वाटलं, इथून बाहेर काढणार आहेत ना आपल्याला?

मग ओमाने हात खाली आणला, भिंतीपासून खुर्ची ओढली, ती झटकून उघडली आणि मला म्हणाली,

"संपली दोन मिनिटं. ये आता मैदानात, आजी. तू बाहेर बसलीस की आम्ही एकीने कमी पडतो."