एका वेढ्याची गाठ

तीन वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

सोलापुरातल्या एका प्रशिक्षण केंद्रात मी हातमाग शिकवतो. त्या उन्हाळ्यात मालवणकडच्या एका गावातून आठ बायका महिनाभर शिकायला आल्या. सोबत पोती भरून फाटकी जाळी, समुद्रात टाकून दिलेली, किनाऱ्याला लागलेली. ती धुवायची, उसवायची, नायलॉनचे तुकडे गाठींनी जोडायचे आणि सुती ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, त्या धाग्याच्या पिशव्या विणायच्या. पिशवीचे बंदही त्याच धाग्याचे. महिनाअखेर पिशव्या तपासणीत पास झाल्या, तर त्यांच्या गावाला सहा माग मिळणार होते. पावसाळ्यात होड्या बंद पडल्या की या बायकांना काम नसतं. त्या मागांसाठीच घरं सोडून आल्या होत्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्यातली सगळ्यांत मोठी, पन्नाशीची बाई माझी गाठ बघून म्हणाली, "मास्तरांनु, नायलॉनाक एक येढो पुरणा नाय. दोन व्हये. ओली झाली की सुटतली."

तिचा जन्म जाळी सांधण्यात गेलेला. मी सुताचा माणूस. सूत खरखरीत, एका वेढ्यात गाठ धरून राहतं. दोन वेढे घेतले की गाठ जाड होते, बोटाला लागते.

"सोलापूरचा माल हाताला लागत नाही, बाई," मी म्हणालो. "इथं मासे धरायचे नाहीत."

सगळ्या हसल्या. तीही हसली, आणि एकच वेढा घेऊ लागली.

आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, मंद्रूपचा. जेवताना म्हणाला, "मास्तर, बाई बरोबर बोलतीय की. लई जाणती हाय ती. भिजवून बगा एकदा."

"तू तुझे माग बघ."

पण मी भिजवून बघितलं. सगळे चहाला गेल्यावर, नळाखाली, एकट्यानं. बंद ओढला, गाठ सरकली. तपासणीला चार दिवस होते. सगळे बंद सोडून पुन्हा बांधता आले असते, पण मग आठ बायकांसमोर आणि जॉबरसमोर चुकलो म्हणावं लागलं असतं. मी पिशवी वाळत घातली.

तपासणीचे साहेब आले. पहिल्या दोन पिशव्यांत त्यांनी विटा भरल्या, खुंटीला लावल्या. टिकल्या. मला वाटलं, सुटलो. तिसरी उचलून ते म्हणाले, "समुद्राकाठचा माल, भिजणारच की," आणि त्यांनी ती बादलीत बुडवली.

ओल्या पिशवीत विटा घातल्यावर बंद एकदम तुटला नाही. हळूहळू लांबला. मी गाठीकडं बघत होतो, ती बाई माझ्याकडं. मग विटा फरशीवर आदळल्या.

"ही गाठ कुणी मारली?"

"मिया," ती म्हणाली. मारली तिनंच होती.

साहेब माझ्याकडं वळले. "शिकवलं नव्हतं का, मास्तर?"

"शिकवलं होतं. बायकांचा हात अजून बसलेला नाही."

त्यांच्यातली एक तरुण पोरगी उसळली, "खोटा बोलतत..." मोठीनं तिचं मनगट धरलं. "गप ऱ्हव. माग व्हये ना?" तिला अजून वाटत होतं, मास्तर मागून काहीतरी करतील.

साहेबांनी माझंच वाक्य शेऱ्यात उतरवलं. माग मिळाले नाहीत.

यंदा किनाऱ्याकडच्या बायकांची दुसरी तुकडी यायची होती. केंद्राच्या बैठकीत कुणी म्हणालं, "मागच्यासारख्या नकोत, हात न बसणाऱ्या." तेव्हा मी उभा राहिलो आणि नळाखालचं सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "आता काय उपयोग, मास्तर?"

त्याच दुपारी तिला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आमका तेव्हाच समाजलेला," ती म्हणाली. "माग गावतले?"

"नाही. ते दुसरीकडं गेले."

"मगे तो शेरो तरी पुसा. खंयय माग मागूक गेलो तरी तोच कागद काढून दाखयतत आमका."

ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला: चूक शिकवणाऱ्याची, शेरा माझ्या नावावर घ्यावा. बंद झालेली फाइल उघडता येत नाही, असं उत्तर आलं. मी दुसरा अर्ज दिलाय. दर सोमवारी जाऊन विचारतो. शेरा अजून तसाच आहे.