वाऱ्याचं वजा करा

माझ्या वडिलांना बोलायला कधी कंटाळा आला नाही असे विषय दोनच, वारा आणि माझा मामा. दोघेही आपल्या विरोधात आहेत असं बाबांचं ठाम मत होतं, आणि मामानं वाऱ्याला फितवलंय असा दाट संशयही होता.

आम्ही राजारामपुरीच्या वरच्या अंगाला, टेकडीवर राहायचो, म्हणजे शहराच्या पूर्वेला. मामा, आईचा धाकटा भाऊ, गंगावेशीच्या पुढं नदीच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला. दोघांच्याही गच्चीवर कबुतरांची ढाबळ आणि दोघांनाही शर्यतीचा नाद. दिवाळी झाली की ही सगळी हौशी मंडळी आपापली कबुतरं टोपल्यांत भरून टेम्पोनं पुण्याकडं पाठवायची. तिथं सकाळी सगळी एकदम सोडायची. ज्याचं पाखरू आधी आपल्या ढाबळीत शिरेल तो जिंकला. प्रत्येक गच्चीवर घड्याळ घेऊन एक पंच बसलेला असे, आणि त्या पंचाला चहापाणी त्या घरचं. मामाकडच्या पंचाला सकाळी सकाळी तांबडा रस्सा मिळतो अशीही बाबांची एक तक्रार होती, पण ती पोटशाखा झाली. मूळ तक्रार वाऱ्याची.

जिंकणाऱ्याला गुलाल आणि फेटा. बाबांच्या डोक्याला लग्नानंतर फेटा म्हणून लागला नव्हता, आणि मेहुण्याच्या डोक्यावर तो त्यांना साल दरसाल बघावा लागत होता. एकदा, फक्त एकदा, त्याच्या पुढं जायचं, आणि तेही कुणाला बोट ठेवता येणार नाही असं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कधी लपवली नाही. आम्हाला ती जेवताना, झोपताना आणि पाव्हण्यारावळ्यांसमोरही ऐकायला मिळायची.

आता तक्रारीत तथ्य नव्हतं असं नाही. थंडीत आमच्याकडं वारं पूर्वेकडून येतं. उत्तरेकडून येणारा कबुतरांचा थवा त्या वाऱ्यानं हळूहळू नदीच्या अंगाला सरकतो. म्हणजे तो मामाच्या गच्चीवरूनच जाणार. मामाच्या पाखरांनी नुसतं खाली उतरायचं. आमच्यांनी मात्र थवा सोडायचा, वळायचं, आणि वाऱ्याशी मारामारी करत टेकडीकडं यायचं. बाबा हे सगळं ताटातली भाकरी शहर आणि चटणी मामाचं घर धरून समजावून सांगत. निकाल लागला की पंचांसमोर त्यांचं एकच मागणं असे, "वाऱ्याचं वजा करा."

मामा म्हणायचा, "वारं सगळ्यास्नी सारखंच असतंय की."

आणि आई म्हणायची, "उडता येईना, आभाळ वाकडं."

इथं मामाच्या बोलण्याची एक रीत सांगायला हवी. एरवी तो बाबांना 'दाजी' म्हणायचा. बहिणीचा नवरा, त्यामुळं मान मोठा. जत्रेला पहिलं ताट दाजींना, बसायला खुर्ची दाजींना, दाजी चुकीचं बोलले तरी "व्हय दाजी". पण कबुतरांचा विषय निघाला की दाजी संपले. तिथं बाबा फक्त 'गडी'. "काय गडी, आज बी वारं आडवं आलं काय?" आखाड्यात जसं कुणी कुणाचा पाव्हणा नसतो, तसं गच्चीवरही नसतं, असं त्याचं म्हणणं. बाबांनाही ते पसंत होतं. बाहेर कुणी त्यांना नुसतं गडी म्हटलं असतं तर त्यांनी त्याची गचांडी धरली असती, पण गच्चीवर ते ऐकताना छाती जरा पुढं काढायचे.

बाबांच्या रेट्यामुळं एका वर्षी पंचांनी अखेर ठरवलं की वारं काही मोजता येत नाही, पण अंतर मोजू. जो लांब, त्याला तेवढ्या मिनिटांची सूट. झालं, दोन पंच स्कूटर घेऊन निघाले. पुण्याकडून शहरात शिरतो त्या शिरोली नाक्यापासून प्रत्येकाच्या दारापर्यंत, मीटर बघत. कबुतराला सिग्नल नसतो, एकेरी रस्ता नसतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमचं घर नाक्यापासून जवळ भरलं. मामाचं लांब, कारण गावातनं जायचं. त्यात वाटेत पंचांना मिसळ आठवली. ती खाऊन, वर आणखी एक वाटी कट मागवून, गल्लीबोळांतून ते मामाच्या दारात पोचले, आणि मीटरवर जेवढं दिसलं तेवढं लिहून घेतलं. मिसळीचं अंतर तरी कमी करा म्हणून बाबा भांडले, तर पंच म्हणाले, "मीटर म्हंजे मीटर." बाबा वाऱ्याची मिनिटं मागायला गेले आणि घरची मिनिटं घालवून आले. आई त्या दिवशी इतकी हसली की तिला उचकी लागली.

मग बाबांनी नवा मुद्दा काढला. पुण्याकडून नको, धारवाडकडून सोडा. तिकडून आमचं घर आधी लागतं. हे त्यांनी पंचांच्या गळी उतरवलं कसं ते देव जाणे, पण उतरवलं. बाबा आठवडाभर खुशीत होते. टोपल्या दक्षिणेला गेल्या, एसटीडी बूथवर 'सोडली' म्हणून फोन आला, बाबा जोंधळ्याचा डबा घेऊन गच्चीत उभे राहिले. आणि थवा आमच्या उजव्या हाताला, लांबून, नदीकडं निघून गेला. उत्तरेहून या नाहीतर दक्षिणेहून, वारं पूर्वेचं ते पूर्वेचंच. बाबांची सगळ्यात लाडकी करडी मादी फार उशिरानं आली, आणि आली ती पाण्याच्या टाकीवर बसून पिसं साफ करायला लागली. ढाबळीत शिरल्याशिवाय वेळ धरत नाहीत. बाबा डबा वाजवून "आऽ आऽ" करत होते, मग हात जोडायला लागले. मी तोवर कॉलेजात जाऊ लागले होते. शेजारच्या गच्चीत मैत्रीण होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असं करत नव्वदचं दशक सरलं. मग एका वर्षी एका पंचाच्या मुलीच्या लग्नामुळं शेवटची शर्यत लांबली, ती पार शिमगा उलटून गेल्यावर झाली. कबुतरं पुण्याकडूनच सुटली. उन्हं चढली तसं वारं फिरलं. पश्चिमेचं, चांगलं सणसणीत. दोरीवरची धुणी उडून शेजाऱ्यांकडं गेली. थवा सरळ आमच्या टेकडीवर आला आणि करडी मादी त्यातनं खाली सुटली ती थेट ढाबळीच्या दारात. मामाची पाखरं नदीकडं वाऱ्याशी झगडत कधीतरी पोचली.

बाबा जिंकले.

संध्याकाळी सगळी मंडळी आमच्या गच्चीत जमली. फेटा बांधायला घेतला, तर वारं तो हातात ठरू देईना. दोघांनी शेव धरला तेव्हा कुठं तो बसला. सगळे गालातल्या गालात हसत वाट बघत होते, की आता मामा म्हणणार, वाऱ्याचं वजा करा. एकानं तर विचारलंच, "काय, आज वारं कसं हुतं?"

मामानं बोट ओलं केलं, वर धरलं. त्याचा सदरा अंगावर फडफडत होता. बाबांकडं बघून तो म्हणाला, "वारं कुठाय? न्हायच की. दाजी, पाखरूच भारी तुमचं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं लक्ष बाबांकडं होतं. त्यांचा चेहरा उतरला. रात्री त्यांनी फेटा घडी न घालताच खुंटीला अडकवला आणि आईला म्हणाले, "गच्चीवर दाजी म्हणाला मला. जावयाला आहेर केला त्यानं."

"मग? जिंकलासा न्हवं? बसा की गप," आई म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा थट्टेचा नव्हता.

गप बसतील तर ते बाबा कसले? दुसऱ्याच दिवशी ते मामाकडं गेले. आपली दोघांचीच शर्यत लावायची, म्हणाले. एक तुझं, एक माझं. कराडच्या पलीकडनं, उन्हं चढायच्या आत, वारं पडलेलं असताना. आणि मिसळीचा घोळ नको म्हणून नकाशावर दोरा ताणून दोघांना सारखं अंतर पडेल अशी जागा त्यांनी स्वतः काढली. मामानं बरेच आढेवेढे घेतले. पाखरू आजारी आहे म्हणाला, स्वतः आजारी आहे म्हणाला. शेवटी तयार झाला. पंच कोण? तर मामा आमच्या गच्चीवर आणि बाबा मामाच्या.

त्या सकाळी पानही हलत नव्हतं. खालच्या बेकरीच्या धुराड्यातला धूर सरळ वर चालला होता. मामा आमच्या गच्चीत पायरीवर बसला होता, आई चहा देत होती, मी आभाळ बघत होते. मामाला चैन पडेना. तो उठला, जोंधळ्याचा डबा घेतला, आणि काही दिसत नसताना वाजवायला लागला. "ये गं बाई, ये लवकर," असं तो आमच्या करडीला हाका मारत होता. पंचानं असं करायचं नसतं, पण सांगणार कोण?

बराच वेळ गेला. आभाळ मोकळंच. आणि खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

बाबा जिना चढून वर आले. मामाच्या गच्चीवर मामाचं पाखरू ढाबळीत शिरलेलं बघून, तिथलं दार लावून, गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंत सगळं गाव ओलांडून ते आले होते. आणि त्यांची करडी अजून यायची होती.

मामाच्या हातातला डबा थांबला. इतकी वर्षं मी बाबांच्या त्या वाऱ्याला हसत आले होते. त्या क्षणी मात्र मला वाटलं, कुठूनही एक झुळूक यावी, नुसता धूर हलण्यापुरती. बाबांनी धुराकडं पाहिलं, मग खाली बघितलं.

"वर असतंय, दाजी," मामा हळूच म्हणाला. "खाली न्हाय दिसत, पर लई वर वारं असतंय. आडवं."

बाबांनी मान वर करून आभाळाकडं पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. "वर असंल."