गिरजाबाईच्या टोपलीतले टेकोडे

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही, ते होते तोवर.

नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. समुद्रपूरजवळच्या गावात सासऱ्यांचं किराणा दुकान, मी नवी सून. पावसाळ्यात गावकुसाबाहेरची गिरजाबाई जंगलातून टेकोडे आणायची — वारुळावर उगवणाऱ्या पांढऱ्या छत्र्या. तिनं दीक्षा घेतली तरी सासूबाई तिच्या टोपलीवर पाणी शिंपडूनच टेकोडे आत घ्यायच्या.

त्या दिवशी पाहुणे होते, तिनं दिलेल्या टेकोड्यांची भाजी पुरणार नव्हती. मी मागच्या बांबूच्या बेटातून ओंजळभर छत्र्या खुडल्या. तशाच पांढऱ्या, तशाच गुबगुबीत. गिरजाबाईनं मला फरक सांगितला होता — टेकोड्याचा देठ मुळासारखा खोल वारुळात जातो. दुसरी छत्री त्याची बहीणच वाटते, पण तिच्या देठाला कडं असतं. मी ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं. पण तिच्याकडून शिकायचं म्हणजे... आणि खुडताना कडं दिसलं होतं. दिसलं होतं — हेच तर सांगायचंय. थोड्याच आहेत, काय होतंय, म्हणून टेकोड्यांतच चिरल्या.

दिवस मावळायच्या आत घरभर ओकाऱ्या. सात वर्षांची नणंद शांता दोन दिवस डोळे उघडेना. वाचली. मी मागून जेवणारी, माझ्या वाट्याला नुसता रस्सा आला होता.

गिरजाबाईला अंगणात बोलावलं. सासरे ओरडले, "धर्म बदलला, आता आमाले मारतं काय?"

तिनं उकिरड्यावरून दोन देठ वेचले. एक लांब, मातीनं माखलेला. दुसरा आखूड, कड्याचा. "हा माहा, मालक. हा माह्या टोपलीतला नाई."

सासऱ्यांनी मला विचारलं, "सूनबाई, तू आणलं होतं काय काही?"

"नाई."

गिरजाबाई माझ्याकडे पाहत राहिली. तिला कळलं होतं. तरी तिनं माझं नाव घेतलं नाही — का? आपलं कोण ऐकणार म्हणून? दिरानं तिची टोपली लाथेनं उडवली. मी पदर पुढे ओढला.

मग गावात तिच्याकडून कुणी काही घेईना. कापूस वेचायलाही बोलावीना. दिवाळीआधी ती वडनेरला लेकीकडे निघून गेली.

शांता आता आजी झाली. नातवंडांना अजून सांगते — गिरजाबाईनं आमाले विष घातलं होतं. परवाही सांगत होती. मी शेजारीच बसले होते.

मी मान डोलावली.