ठकूबाईचा ढेकर

टाकव्याच्या दत्तोबाला कुणी विचारलं असतं, की बाबा रे, जगात सगळ्यात अवघड काम कुठलं, तर गेल्या साली त्यानं चिखलात वाकून भाताची रोपं लावायची आवणी सांगितली असती. औंदा त्याचं उत्तर बदललं. आता तो म्हणतो, तान्ह्या लेकराचा ढेकर काढणं. आणि हे बोलताना तो हसत नाही, बरं का.

त्याची नात कागदावर अन्वी आणि दत्तोबाच्या तोंडी ठकूबाई. दोन-अडीच महिन्यांची झाली तरी पोरीच्या अंगावर मांस चढेना. प्यायली की ओकायची. तोंडाच्या कडेनं थोडं दूध गळणं निराळं, ते सगळ्याच पोरांचं गळतं. हिचं पार नाकातोंडातून यायचं. पोर कळवळायची, पाय पोटाशी घ्यायची, आणि तिची आई राजेश्वरी ओला पदर हातात धरून नुसती बसून राहायची. "माझं दूधच पोरीला पचत न्हाई," म्हणायची.

दत्तोबाची बायको शालूबाई स्वस्थ बसणारी नव्हती. तिनं सहाण काढली आणि मुरुडशेंग, वेखंड, हिरडा उगाळून गुटी चाटवायला लागली. पोर ओकली की हुकूम सुटायचा, "पोट रिकामं झालं गं तिचं, पाज परत." परत पाजलं की झोळीत घालून झोके. झोळीत पोट दुमडलेलं, वरून हेलकावे, कसं ठरावं दूध पोटात? पण तेव्हा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मायेनंच चाललं होतं सगळं, बोलायचं कुणाला.

शेवटी कामशेतच्या डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी पोरीला तपासलं, वजन केलं आणि कपाळाला आठी घातली. वजन वाढायचं सोडून उतरलं होतं.

"गुटी बंद," त्या म्हणाल्या. "ओकली की लगेच परत पाजायचं नाही. थोडं थोडं पाजा, आणि पाजल्यावर झोळीत न घालता अर्धा तास खांद्यावर उभी धरा. दूध आईचंच द्या, त्यात काही खोट नाही. पण पुढच्या खेपेला वजन वाढलं नाही, तर पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल."

मोठा दवाखाना म्हटल्यावर राजेश्वरीचा चेहरा पांढराफटक पडला.

आता दर वेळी अर्धा तास धरणार कोण? राजेश्वरी जागरणानं मोडून गेलेली. शालूबाईचे गुडघे धरलेले. मुलगा सत्यम नवलाख उंबरे गावात कंपनीत कामाला, आणि घरी असला तरी बापासमोर पोरीला घ्यायचा नाही. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं लेकरू उचलायचं नाही, ही त्या घराची रीत. दत्तोबानंही आपल्या बापासमोर सत्यमला कधी उचललं नव्हतं, आणि बाप चांगला म्हातारा होऊन गेला. त्यामुळं साठी उलटली तरी तान्हं मूल कसं धरतात, हे या माणसाला माहीत नव्हतं.

चैत्र लागलेला, रानात काम नव्हतं. "द्या हिकडं," एवढंच तो म्हणाला.

"भाताचं पोतं न्हाई ते," शालूबाई म्हणाली.

त्यानं पोर खांद्याला लावली आणि गडी जागच्या जागी थबकला. वजन असं काही नव्हतंच. पण त्या एवढ्याशा पाठीत केवढी धडपड चालली होती. श्वास, उचकी, आत कुठंतरी दुधाची गुडगुड, सगळं त्याच्या तळहाताला कळत होतं. आयुष्यभर त्यानं गाईंची बाळंतपणं केली, रोपं वाढवली, पण जीव असा हाताला लागतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो पार भांबावून गेला.

"अगं, ही आतून केवढी चालू हाय," तो बायकोला म्हणाला.

मग तेच त्याचं काम झालं. ओसरीपासून गोठ्यापर्यंत हळूहळू चालायचं, पाठीवर हात फिरवायचा, ढेकराची वाट बघायची. सदऱ्यावर कायम दुधाचे डाग. पारावरची माणसं म्हणायची, "दत्तोबा, आंबूस वास येतोय." तो म्हणायचा, "येऊ दे की." एक गोष्ट त्याला करता करता समजली. ढेकर यायच्या आधी पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, की आलंच सगळं बाहेर. मग ढेकर निघेपर्यंत तो तिला कुणाच्या हाती देईना, आपणही बसेना.

ओकणं कमी झालं, पण थांबलं नव्हतं. गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशी वजन केलं. काटा पहिल्यांदाच वर सरकला, थोडासाच. "पुणं तूर्त राहू दे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आता खंड पडू देऊ नका. परत उतरलं तर जावंच लागेल."

जत्रेला दत्तोबानं नवा पांढरा सदरा घातला. गावदेवाच्या पालखीचा पुढचा दांडा त्याच्या घराण्याचा, बापामागं त्याचा. इतक्या वर्षांत त्यानं तो एकदाही सोडला नव्हता, तापानं फणफणला होता तरी गेला होता. ढोल जवळ यायला लागले आणि नेमकं तेव्हाच राजेश्वरीनं पोरीला पाजलं. भूक काय जत्रा बघून लागते? सवयीनं त्याचे हात पुढं झाले आणि पोर खांद्यावर आली. ढेकर काही येईना.

पालखी चावडीपाशी येऊन थांबली. तिथून दांडा दत्तोबाकडं यायचा. त्याचा जोडीदार केरबा धावत बोलवायला आला. "चल की गड्या, देव खोळंबलाय."

"द्या माझ्याकडं तिला," शालूबाई म्हणाली.

"आत्ता हलवली तर येईल सगळं. कालच काटा वर गेलाय तिचा."

"आरं, देवाचा मान हाय," केरबा म्हणाला.

दत्तोबानं रस्त्याकडं बघितलं. त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा.  मग तो जत्रेसाठी घरी थांबलेल्या सत्यमला म्हणाला, "तू जा. आजपासनं दांडा तुझा."

 सत्यम बापाच्या पाया पडला आणि केरबाच्या मागं गेला.

पालखी दारात आली. वाहणारे उन्हात अनवाणी चालतात, म्हणून त्यांच्या पायांवर घरच्या सुनेनं पाणी घालायचं असतं. राजेश्वरीनं कळशी घेतली, एकेकाच्या पायांवर पाणी घातलं, नवऱ्याच्याही. ढोलताशानं कानठळ्या बसत होत्या, गुलाल उडत होता, आणि दाराच्या कडेला दत्तोबा पोरीचं डोकं तळहातानं झाकून उभा होता. ढेकर त्याला ऐकू आलाच नाही. गळ्याच्या हाडापाशी एक बारीक धक्का लागला आणि पोरीचं अंग सैल पडलं. त्यानं वाट बघितली. दूध आलं नाही. सदरा कोरडाच. सगळंच्या सगळं पोटात राहिलं होतं. रस्त्यावर देव उभा होता, आणि दत्तोबाला तिकडं बघायचं भानच उरलं नाही.

पालखी पुढं सरकली. कळशीत थोडं पाणी उरलं होतं. राजेश्वरी वळली, सासऱ्यासमोर येऊन वाकली.

"पाय पुढं करा, आबा."

"अगं, माझ्या कशाला? मी कुटं पालखी नेतोय?"

"करा पुढं," मान वर न करता ती म्हणाली. 

 पाणी गार होतं, पायांवरून ओघळून धुळीत गेलं. दत्तोबा हलला नाही. खांद्यावर ठकूबाईचा नुकताच डोळा लागला होता.