मधली फाईल

आमच्या दिवाकरसारखा गरीब स्वभावाचा माणूस जबलपूरच्या अख्ख्या गढा मोहल्ल्यात सापडायचा नाही, पण त्या पंधरा दिवसांत त्याच्या तोंडाकडे पाहवेना. मी त्याची बायको, विनता. मी नाही पाहणार तर कोण पाहणार? त्याच्या आईंसाठी पुण्याची नोकरी सोडून तो जबलपूरला परतला आणि एका लहानशा कंपनीत धान्याच्या मंडीतल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहू लागला. आता मालकाने स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारी पाटणच्या मंडीत काटा चालला नाही तर दिवाकरने दुसरीकडे बघावं. दुसरीकडे म्हणजे पुन्हा पुणं. आणि आई काही गढा सोडायच्या नाहीत.

अडलं कुठे, हे त्याने मला चारदा समजावलं आणि चारही वेळा मी चिडले. कॉम्प्युटरचा आतला गाभा म्हणजे कर्नल. त्याचे शब्द नि त्यांचे अर्थ सांगणारी एक हेडर फाईल, बाहेरच्या प्रोग्रामांसाठी दुसरी. काटा आडमुठा, त्याच्याशी बोलायला आतली फाईल लागे. बाकी कामाला बाहेरची. दोन्हींत एकच नाव आणि अर्थ निराळे. दोन्ही एकत्र घेतल्या की मशीन अडून बसे, एक काढली की दुसरं काम बंद. आईंना वाटे, केंटातला, लष्करी छावणीतला, कुणी कर्नलसाहेब पोराला छळून राहिला. रोज विचारत, ऐकला का रे तो? हा ताटात नुसती बोटं फिरवी. मला तर तो कॉम्प्युटर उचलून आपटावासा वाटे.

त्यात शनिवारी दुपारी घरात रामायण झालं. आमच्या स्वयंपाकाच्या अंजनीला मराठी येत नाही. आई तिला म्हणाल्या, तो सांडग्यांचा डबा खाली ठेव. तिने हिंदीतलं 'खाली' ऐकलं, म्हणजे रिकामा. उन्हाळाभर वाळवलेले सांडगे गाईच्या बादलीत ओतले आणि डबा घासून पालथा घातला. आई रडायला लागल्या, अंजनी म्हणे माताजीने ख़ुद बोला था. एकीला हिंदीत, दुसरीला मराठीत समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी डोकंच फिरलं.

"आजपासून तुम्ही दोघी एकमेकींशी बोलायचंच नाही," मी ओरडले. "जे सांगायचं ते मला सांगा, मी तिकडे सांगते."

दिवाकर खुर्चीतून उठून दारात आला.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. मी म्हटलं, काहून, तुलाही ऐकू येत नाही का? पण तो परत जाऊन कामाला लागला होता. दोन्ही फायली एका ठिकाणी आणायच्याच नाहीत, त्याने ठरवलं. आतलीला हात लावणारी एक वेगळी लहान फाईल केली; बाकीचा प्रोग्राम आपलं म्हणणं फक्त तिला सांगणार, आणि ती ते काट्यापर्यंत पोचवणार.

सोमवारी पाटणला काटा चालला. संध्याकाळी परतल्यावर त्याने मला ती मधली फाईल दाखवली. तिला नाव दिलं होतं 'विनता'.

"हिला काढलं तर?" मी विचारलं.

"तर काहीच चालणार नाही."

मला खूश व्हायला हवं होतं. उलट रागच आला, आणि डोळे भरले.

"बारा वर्षं या घरात मी हेच करून राहिले, दिवाकर. तुला आज दिसलं?"

त्याने मान खाली घातली.

"हो," तो म्हणाला. "आज दिसलं."